वेली गुलाबाची संथ वर्षे

वेली गुलाब लावणाऱ्या बहुतेकांची पहिली तक्रार एकच असते: झाड जगले आहे, पण वाढत नाही. कमानीच्या किंवा कुंपणाच्या पायथ्याशी लावलेल्या कलमाला ऊन, पाणी, शेणखत सर्व काही मिळत असते, तरीही पहिले वर्ष चार-दोन बारीक फांद्या आणि तुरळक पानांवरच सरते, आणि त्याच सुमारास लावलेला झुडपी गुलाब मात्र काही महिन्यांतच फुलांवर येतो. दुसऱ्या वर्षीही अपेक्षेइतकी उंची गाठली नाही, की जात खराब निघाली असे समजून झाड उपटले जाते, दुसरीकडे हलवले जाते, किंवा जोर यावा म्हणून बुडापासून छाटले जाते. वास्तविक पहिली दोन-तीन वर्षे संथ असणे हे वेली गुलाबाच्या शरीररचनेशी आणि अनुवंशाशी निगडित आहे, आणि या काळात त्याला सर्वाधिक अपाय होतो तो लावणाऱ्याच्या घाईमुळे. हा संथपणा कशातून येतो, तो कशाने कमी होतो आणि कशाने उलट लांबतो, हे समजून घेतल्यास अनेक चांगली झाडे अकाली उपटली जाण्यापासून वाचतील.

आधाराशिवाय न चढणारी वेल

गुलाबाला काकडी-कारल्यासारखे तणावे, म्हणजे आधाराला गुंडाळणारे बारीक तंतू नसतात. तो गारवेलीप्रमाणे आधाराभोवती पिळे घालत नाही आणि मनीप्लांटप्रमाणे मुळांनी भिंतीलाही चिकटत नाही. चार्ल्स डार्विनने १८६५ साली चढणाऱ्या वनस्पतींच्या हालचालींवर जो विस्तृत निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्याने पिळे घालणाऱ्या, पानांनी वा तणाव्यांनी पकड घेणाऱ्या, मुळांनी चिकटणाऱ्या आणि केवळ आकड्यांच्या साहाय्याने वर सरकणाऱ्या असे वनस्पतींचे गट पाडले, आणि आकड्यांनी चढणारा गट सर्वांत कमी कार्यक्षम ठरवला. गुलाब या शेवटच्या गटातील आहे. त्याचे खाली वळलेले काटे हे लिंबाच्या काट्याप्रमाणे फांदीचे रूपांतर नसून सालीच्या बाहेरच्या थरातून आलेले उंचवटे असतात, म्हणूनच ते बोटाने बाजूला दाबल्यास सहज निखळतात. रानात गुलाबाची लांब फांदी इतर झुडपांच्या गर्दीतून वर शिरते आणि हे काटे त्यांच्या फांद्यांत अडकल्यामुळे खाली घसरत नाही. याचा अर्थ असा, की आधार सापडेपर्यंत या फांदीला स्वतःच्या बळावर उभे राहावे लागते. तेवढी लांब आणि जाड फांदी उभारण्यासाठी लागणारे पाणी व अन्न पुरवू शकेल असा मुळांचा पसारा आधी तयार व्हावा लागतो, आणि झाडाची पहिली वर्षे मुख्यतः या तयारीत जातात.

सर्व वेली गुलाब सारखेच संथ नसतात. रॅम्बलर या नावाने ओळखले जाणारे प्रकार प्रामुख्याने पूर्व आशियातील रोझा मल्टिफ्लोरा आणि रोझा विचुराना या रानटी जातींपासून निपजलेले आहेत. त्यांच्या फांद्या बारीक व लवचीक असतात, छोट्या फुलांचे घोस वर्षातून एकदाच येतात आणि जमीन मानवली की ते लवकर पसरतात. क्लाइंबर म्हणजे मोठ्या फुलांचे वेली गुलाब यांच्या फांद्या जाड व ताठ असतात, ते वर्षातून अनेकदा फुलू शकतात, पण बस्तान बसवायला अधिक वेळ घेतात. तिसरा प्रकार झुडपी जातीत आपोआप घडलेल्या बदलातून येतो: एखाद्या झुडपाला अचानक फार लांब फांदी फुटते, तिच्यावरचे डोळे घेऊन कलमे बांधली जातात आणि मूळ फुलाची वेली आवृत्ती तयार होते. १९५८ मध्ये आलेल्या पांढऱ्या 'आइसबर्ग'पासून १९६८ मध्ये मिळालेला 'क्लाइंबिंग आइसबर्ग' हे या प्रकाराचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

जमिनीखालचे काम

बाजारातील बहुतेक गुलाब हे डोळा भरून तयार केलेले कलम असते. एडवर्ड, रोझा इंडिका ओडोराटा किंवा मल्टिफ्लोरा यांसारख्या काटक गुलाबाचे मूळ, ज्याला खुंट म्हणतात, त्यावर हव्या त्या जातीचा एक डोळा बसवला जातो आणि त्या एका डोळ्यातून पुढचे सारे झाड वाढते. रोपवाटिकेतून उचलताना खुंटाची बरीच मुळे तुटतात, आणि जी उरतात ती पुष्कळदा चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात जखडलेली असतात. हा गोळा तसाच खड्ड्यात ठेवला, तर भोवतालच्या भुसभुशीत मातीत पाणी मुरते आणि गोळा मात्र आत कोरडा राहतो, किंवा एकदा भिजला की दिवसेंदिवस ओला राहून मुळे गुदमरतात. दोन्ही परिस्थितींत मुळे गोळ्याबाहेर पडत नाहीत. लावण्यापूर्वी गोळा पाण्यात भिजवून त्याचा बाहेरचा थर हलक्या हाताने मोकळा करणे हा संथपणा कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

कोणत्याही झाडात मुळे आणि पाने यांच्यात एक समतोल असतो. पाने तयार करतात त्या साखरेवर मुळे वाढतात आणि मुळे शोषतात त्या पाण्यावर व क्षारांवर पाने जगतात. मुळे तुटली की झाड वरची वाढ रोखून धरते आणि पानांची कमाई खाली पाठवते. शिवाय मुळांच्या टोकांशी सायटोकायनिन नावाची संप्रेरके, म्हणजे वाढीचे नियमन करणारी द्रव्ये तयार होतात आणि ती वर जाऊन सुप्त डोळ्यांना जागे करतात. म्हणून मुळांचे जाळे विस्तारल्याशिवाय बुंध्यातून जोमदार फूट होत नाही. जी साखर लगेच खर्ची पडत नाही, ती स्टार्चच्या रूपाने मुळांत आणि जुन्या फांद्यांत साठवली जाते. बारीक आणि निरुपयोगी दिसणारी पहिल्या वर्षाची फांदी अशा प्रकारे झाडाचे कोठारही असते आणि पानांचा आधारही. ती छाटली की झाडाची शिल्लक आणि मिळकत दोन्ही एकाच वेळी घटतात.

मुळांचे हे सामर्थ्य किती असते, याचा दाखला जर्मनीतील हिल्डेसहाइम येथील कॅथेड्रलच्या भिंतीवर चढलेल्या शेकडो वर्षांच्या रानगुलाबाने दिला आहे. २२ मार्च १९४५ रोजी झालेल्या बॉम्बहल्ल्यात ते कॅथेड्रल उद्ध्वस्त झाले आणि गुलाबाचा जमिनीवरचा भाग जळून गेला. तथापि ढिगाऱ्याखालची मुळे जिवंत राहिली, त्यांतून नवे फुटवे आले आणि ते झाड पुन्हा भिंतीवर चढले. जुन्या गुलाबाला हे शक्य झाले, कारण त्याची मुळे पूर्ण वाढलेली होती. नव्याने लावलेल्या कलमाकडे अशी ठेव नसते, ती त्याला जमवावी लागते.

फुलण्यावरचा लगाम

झाड वाढले, तरी फुले का येत नाहीत, या दुसऱ्या तक्रारीचे उत्तर अनुवंशात आहे. गुलाबात केएसएन नावाचे एक जनुक असते आणि त्याचे काम फांदीला फुलण्यापासून रोखून वाढत ठेवण्याचे असते. रानटी गुलाबांत ते शाबूत असल्यामुळे नव्या फांद्या पहिल्या हंगामात केवळ लांब होतात, आणि पुढच्या वसंतात हा लगाम सैल झाला की त्यांच्या बगलफुटींवर, म्हणजे पानांच्या बगलेतून निघालेल्या आखूड फांद्यांवर फुले येतात. चीनमधील 'ओल्ड ब्लश'सारख्या बारमाही गुलाबांत मात्र या जनुकाच्या मध्ये जागा बदलणारा एक डीएनएचा तुकडा येऊन बसलेला असतो. त्यामुळे लगाम निकामी होतो आणि प्रत्येक फांदीच्या शेंड्याला फूल येते. फ्रेंच आणि जपानी शास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसून आले, की झुडपापासून वेली रूप झालेल्या गुलाबांत हा घुसलेला तुकडा बहुतांशी निघून गेलेला असतो आणि जनुकाचे काम काही प्रमाणात पूर्ववत झालेले असते. लांब फांदी आणि उशिरा येणारी फुले या अशा गुलाबांत एकाच बदलाच्या दोन बाजू आहेत.

या ज्ञानाचा बागेतील उपयोग सरळ आहे. महाराष्ट्रात पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरमध्ये झुडपी गुलाबांची कडक छाटणी करण्याची प्रथा आहे आणि झुडपांसाठी ती योग्यच आहे, कारण त्यांच्या नव्या फुटीच्या शेंड्यालाच कळी धरते. तीच कात्री वेली गुलाबावर चालवली, की फुलांसाठी तयार झालेले जुने लाकूड निघून जाते, झाड पुन्हा लांब फांद्या घडवायला लागते आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये त्या फांद्याही कापल्या जातात. दरवर्षी छाटला जाणारा वेली गुलाब अशा रीतीने कायम पहिल्याच वर्षात राहतो. झुडपापासून आलेल्या वेली जाती तर तरुणपणी कडक छाटल्यास पुन्हा झुडपी रूपाकडे झुकण्याचाही संभव असतो.

संथपणासाठी ख्यातनाम जाती

इंग्लंडमध्ये १९१८ च्या सुमारास आलेली 'मरमेड' ही जात या बाबतीत प्रसिद्ध आहे. रोझा ब्रॅक्टिआटा या चिनी रानगुलाबाचा संकर असलेल्या या वेलीला फिकट पिवळी, एकेरी पाकळ्यांची आणि मध्ये गर्द सोनेरी पुंकेसरांचा झुबका असलेली मोठी फुले येतात, आणि रुजल्यावर ती मोठी भिंत व्यापते. पण सुरुवातीस ती फार रेंगाळते, जागा बदललेली तिला सोसत नाही, छाटणी आवडत नाही आणि तिच्या फांद्या ठिसूळ असल्यामुळे जोराने वाकवल्यास मोडतात. लेडी बँक्स या नावाने ओळखला जाणारा रोझा बँक्सिए हा गुलाब १८०७ मध्ये चीनमधून इंग्लंडमध्ये नेण्यात आला. त्याची फुले दोन वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या लाकडावर येत असल्याने पहिली काही वर्षे तो केवळ पाने दाखवतो. याच जातीचे १८८५ साली अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टूमस्टोन या गावी लावलेले एक झाड आज ८,००० चौरस फुटांहून अधिक क्षेत्रावर मांडव धरून आहे आणि जगातील सर्वांत मोठा गुलाब म्हणून ते ओळखले जाते.

उष्ण हवामानातील बागांसाठी अधिक महत्त्वाचे घराणे नॉइसेट गुलाबांचे आहे. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिनामध्ये, चार्ल्स्टनजवळ, जॉन चॅम्पनीज या भातशेतीच्या मालकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कस्तुरी गुलाब आणि 'ओल्ड ब्लश' यांच्या संकरातून एक वेल मिळवली, आणि तिच्या पुढच्या पिढ्यांतून पुन्हापुन्हा फुलणारे वेली गुलाब घडले. त्याच परंपरेतील 'मार्शल नील' हा फिकट पिवळा, सुगंधी, झुकलेल्या फुलांचा गुलाब १८६४ मध्ये फ्रान्समध्ये निपजला. इंग्लंडच्या थंडीत त्याला काचघराचा आसरा द्यावा लागे, भारतात मात्र तो उघड्यावर वाढला आणि जुन्या बागांचे भूषण ठरला. भारताचे स्वतःचे देणेही लहान नाही. मणिपूरच्या डोंगरांत जॉर्ज वॉट यांना १८८२ मध्ये आढळलेला रोझा जायगँटिया हा उंच झाडांवर चढणारा, हाताच्या पंजाएवढ्या फुलांचा रानगुलाब चहागंधी गुलाबांचा पूर्वज मानला जातो, आणि बीपासून वाढवल्यास पहिल्या फुलासाठी तोही काही वर्षे थांबायला लावतो. कोडाईकनाल येथील विरू आणि गिरिजा वीरराघवन या दांपत्याने त्याच्या संकरातून उष्ण प्रदेशाला मानवणाऱ्या जाती घडवल्या आहेत. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक आणि गव्हाचे नामवंत पैदासकार डॉ. बी. पी. पाल यांनीही अनेक गुलाब निर्माण केले आणि त्यांत 'दिल्ली व्हाइट पर्ल' ही वेली जात आहे. थंड देशांतील एकदाच फुलणाऱ्या रॅम्बलरांना कळी धरण्यासाठी हिवाळ्याची गरज असते, म्हणून मैदानी महाराष्ट्रात त्यांच्यामागे लागण्यापेक्षा नॉइसेट, चहागंधी आणि पुन्हापुन्हा फुलणारे वेली गुलाब निवडणे हिताचे ठरते.

महाराष्ट्रातील जमीन आणि हवा

काळी भारी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळून बारीक मुळे तोडते. उथळ मुरमाड जमिनीत पाणी टिकत नाही. दोन्हीकडे साठ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात माती, चांगले कुजलेले शेणखत, थोडी वाळू किंवा बारीक मुरूम आणि निंबोळी पेंड यांचे मिश्रण भरावे, आणि भारी जमिनीत व कोकणात झाड थोड्या उंचवट्यावर लावावे. जमीन चुनखडीची असेल, तर सामू, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप वाढून मातीत असलेले लोहसुद्धा मुळांना मिळत नाही. अशा वेळी कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नुसते खत वाढवून हा दोष जात नाही, सेंद्रिय पदार्थ वाढवणे आणि चिलेटेड लोह देणे हा त्यावरचा मार्ग आहे. जेथे आधी बरीच वर्षे गुलाब होता, तेथेच नवा गुलाब लावल्यास मातीतील सूक्ष्मजीवांच्या बिघडलेल्या समतोलामुळे तो खुरटतो, म्हणून खड्ड्यातील माती बदलणे आवश्यक ठरते.

इंग्रजी पुस्तकांत कलमाचा जोड मातीखाली पुरावा असा सल्ला आढळतो. तो गोठवणाऱ्या थंडीपासून बचावासाठी आहे. महाराष्ट्रात जोड जमिनीच्या किंचित वर ठेवणे सुरक्षित असते, कारण दमट मातीत तो कुजण्याची आणि खालून येणारे खुंटाचे फुटवे लक्षात न येण्याची भीती असते. भिंतीला अगदी खेटून लावलेल्या झाडाच्या मुळांशी पाऊस पोहोचत नाही आणि दगडी पश्चिम भिंत उन्हाळ्यात तापून पाने भाजते. म्हणून झाड भिंतीपासून तीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर पुढे आणि शक्यतो पूर्वेच्या बाजूस लावावे. पाऊस ओसरल्यानंतरचे महिने लागवडीस उत्तम असतात, कारण तेव्हा माती उबदार व ओलसर असते, हवा सौम्य होत जाते आणि मुळांना उन्हाळ्यापूर्वी सवड मिळते.

पाणी रोज थोडे देण्यापेक्षा खोलवर मुरेल असे, मध्ये माती थोडी सुकू देऊन द्यावे, म्हणजे मुळे ओलाव्याच्या शोधात खाली जातात. आळे दरवर्षी थोडे रुंद करावे आणि त्यावर पालापाचोळ्याचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन घालावे. नत्राचा मारा टाळावा, कारण त्याने लुसलुशीत फूट येते आणि मावा व भुरी तिच्यावर तुटून पडतात. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पाडणारा बुरशीजन्य रोग नव्या झाडाला विशेष मागे ढकलतो, कारण पाने गळाली की मुळांचा पुरवठाच तुटतो. गळलेली पाने वेचून नष्ट करणे, हवा खेळती ठेवणे आणि पाणी पानांवर न घालता मुळाशी देणे हे त्यावरचे पहिले उपाय आहेत. पहिल्या हंगामात आलेल्या कळ्या लहान असतानाच खुडल्यास तेवढी शक्ती वाढीकडे वळते, पण खुडताना पाने तोडू नयेत.

फांदी आडवी करण्याचे शास्त्र

दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी, बहुधा पावसाच्या सुमारास, बुंध्याशी पहिला खरा धुमारा दिसतो. जुन्या फांद्या पेन्सिलीएवढ्या असतात, तर हा धुमारा अंगठ्याएवढा जाड, तांबूस आणि तुकतुकीत असतो. त्याचे काटे अजून मऊ व लालसर असतात, शेंड्याशी पाने मिटलेली असतात आणि तो काही आठवड्यांतच बाकीच्या झाडाला मागे टाकतो. मुळे सिद्ध झाल्याची ही खूण आहे आणि येथून खरी जबाबदारी सुरू होते. हा धुमारा सरळ वर जाऊ दिला, तर त्याच्या शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरत राहते व खालचे सर्व डोळे दबलेले राहतात. परिणामी फुले फक्त टोकाला, छपरापाशी येतात आणि खाली उघडे दांडे उरतात. फांदी आडवी किंवा तिरपी बांधली, की शेंड्याचा हा वरचष्मा कमी होतो, तिच्या लांबीभर डोळे फुटतात आणि प्रत्येक बगलफुटीवर फुले धरतात.

यासाठी भिंतीपासून आठ-दहा सेंटिमीटर अंतरावर आडव्या तारा ताणाव्यात आणि त्या एकमेकींपासून तीस ते पंचेचाळीस सेंटिमीटरवर असाव्यात. फांदी कोवळी पण थोडी दणकट झालेली असताना, एकाच दिवशी ओढून न आणता काही दिवसांत टप्प्याटप्प्याने वाकवावी, आणि सुतळीने किंवा कापडी पट्टीने इंग्रजी आठच्या आकाराचा सैल फास देऊन बांधावी, म्हणजे जाड होताना साल कापली जात नाही. खांबावर चढवायचे असल्यास फांदी सरळ न नेता खांबाभोवती फिरवत न्यावी. परिणाम तोच होतो.

संथ झाड आणि बिघडलेले झाड

धीर धरणे आणि दुर्लक्ष करणे यांत फरक आहे, म्हणून संथ झाड व आजारी झाड ओळखता आले पाहिजे. निरोगी संथ झाडाची प्रत्येक नवी फूट आधीच्या फुटीपेक्षा थोडी लांब, थोडी जाड आणि अधिक मोठ्या पानांची असते. बुंधा हलवल्यास डगमगत नाही आणि नखाने साल किंचित खरवडल्यास आत हिरवे दिसते. याउलट फांद्या शेंड्याकडून तपकिरी होत खाली वाळत येणे, नवी पाने आधीपेक्षा लहान होत जाणे, बुंधा सैल लागणे ही मुळांच्या कुजण्याची, हुमणीची किंवा वाळवीची लक्षणे असू शकतात, आणि तेव्हा माती उकरून पाहण्यास विलंब करू नये. तिसरी शक्यता अधिक फसवी असते: झाड अचानक जोमाने वाढते, पण पाने वेगळी दिसतात आणि फुले येतच नाहीत. अशा वेळी फूट जोडाच्या खालून, म्हणजे खुंटातून आलेली असते. ती वरून कापल्यास पुन्हा येते, म्हणून माती बाजूला सारून उगमापासून ओढून काढावी लागते.

या सर्वांचा निष्कर्ष म्हणून पहिल्या वर्षी केवळ मेलेले लाकूड काढावे. दुसऱ्या वर्षी फांद्यांना दिशा द्यावी. तिसऱ्या वर्षापासून मुख्य फांद्या आडव्या बांधून त्यांच्यावरील फुलून गेलेल्या बगलफुटी दोन-तीन डोळ्यांवर आखूड कराव्यात. आणि पुढे झाड भरल्यावर दरवर्षी एखादी सर्वांत जुनी फांदी बुडापासून काढून नव्या धुमाऱ्याला जागा द्यावी. या क्रमात कात्रीचा अधिकार झाडाच्या वयाबरोबर वाढत जातो. एकदा बसलेला वेली गुलाब काही दशके टिकतो आणि त्या काळाच्या तुलनेत सुरुवातीची दोन-तीन वर्षे हा लहान हिस्सा आहे. तेवढा वेळ झाडाला त्याच्या मुळांसाठी देण्याची तयारी असेल, तरच भिंत किंवा कमान त्याच्या हवाली करावी.